नाकाचं हाड परत वाढत नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरच्या घडीतून एक रंगीत पॅम्प्लेट पडलं, त्यात लिहिलेलं की नाकाचं पहिलं ऑपरेशन मनासारखं झालं नाही का, हाड परत वाढलं का, मग पुन्हा करून घ्या, एका दिवसात घरी, लग्नसराईत खास सूट. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं, पण दुपारी माझ्या भावाने पारोळ्याहून त्याच पॅम्प्लेटचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ताई आता सूट पण आहे तर पोरीचं करून टाकू का. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण असे फोटो त्या दिवशी अजून किती घरांतून गेले असतील कोण जाणे.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, त्यातली जास्त वर्षं नाक-कान-घशाच्या ओटीत गेली, ट्रे लावणं, पॅकिंग तयार ठेवणं, पेशंट टेबलवर घेणं आणि नंतर वॉर्डात त्याच्या उशाशी उभं राहणं हेच काम. आता रिटायर होऊन अमळनेरला असते. नाकाची पहिली ऑपरेशनं भरपूर बघितली, दुसरी पण बघितली, तिसऱ्यांदा आलेले पेशंटही बघितलेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना दुसऱ्यांदा टेबलवर यायची गरजच नव्हती.

पहिली गोष्ट त्या 'हाड वाढलं' शब्दाची. आपल्याकडे नाक बंद राहिलं की लगेच म्हणतात हाड वाढलं. आमच्या वॉर्डात म्हाताऱ्या बाया यायच्या, "नाकनं हाड परत वाढी गयं बाई", असं इतक्या खात्रीने सांगायच्या की जसं काही नख वाढलंय आणि आता कापायला पाहिजे. अहो हाड वाढत नाही. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो, पुढे मऊ हाडाचा आणि मागे कडक हाडाचा, तो एका बाजूला वाकलेला असतो, रिपोर्टमध्ये डीएनएस लिहितात ते हेच. पहिल्या ऑपरेशनमध्ये तो सरळ करतात. मऊ हाडाला कधीकधी वाकायची जुनी सवय असते त्यामुळे ते थोडं परत कलू शकतं हे खरं आहे, पण ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, वर्षाने नाक परत बंद व्हायला लागलं तर बहुतेक वेळा दोषी पडदा नसतोच. नाकाच्या बाहेरच्या भिंतींना आतून मांसल पट्ट्या असतात, टर्बिनेट म्हणतात, त्या धुळीने, ऍलर्जीने, थंडीने फुगतात. आणि आपल्या खान्देशात धूळ किती, कापूस वेचणी, जिनिंग, मक्याचं मळणीयंत्र, उन्हाळ्यात वावटळी, रस्त्यांची कामं तर बारा महिने चालूच. ऑपरेशनने पडदा सरळ होतो, ऍलर्जी जात नाही, हे पेशंटला पहिल्याच वेळी कोणी नीट समजावून सांगत नाही आणि मग तो समजतो की ऑपरेशन फेल गेलं.

घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे. कधी डावी नाकपुडी बंद आणि कधी उजवी, झोपल्यावर ज्या कुशीवर असाल ती खालची बाजू बंद, अशी अदलाबदल होत असेल तर तो पडदा नव्हे, पडदा काही रात्री इकडून तिकडे जात नाही. ते टर्बिनेटचं फुगणं आहे आणि त्याच्यावर पहिला उपाय ऑपरेशन नाही, स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि धूळ टाळणं हा आहे. स्प्रेचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण नाकात मारायचा डोस अगदी थोडा असतो, फक्त तो रोज मारावा लागतो आणि त्याचा पूर्ण फायदा दिसायला दोन-तीन आठवडे जातात. दोन दिवस मारून गुण नाही म्हणून फेकून देणारे मी खूप बघितले. आणि मारताना नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेला करायची, नाहीतर पडद्याला जखम होऊन रक्त येतं.

याच्यात एका शेतकरी दादांची गोष्ट सांगते. यावलकडचे, केळीवाले. पडद्याचं ऑपरेशन झालेलं, वर्षभरात परत आले की हाड वाढलं, दुसरीकडे कुठेतरी दुसरं करून घेतलं, तरी नाक बंद, मग तिसऱ्यासाठी आमच्याकडे. आमच्या सर्जन सरांनी दुर्बिणीने आत बघितलं, पडदा सरळ, आणि टर्बिनेट लाल आणि टम्म फुगलेली. सरांनी विचारलं खिशात काय आहे. दादांनी शर्टाच्या खिशातून नाक मोकळं करायच्या ड्रॉप्सची छोटी बाटली काढली, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते ती, दोन वर्षांपासून दिवसातून सात-आठ वेळा टाकत होते. झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सीमेटाझोलिन असं त्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे औषध सर्दीत चार-पाच दिवस चांगलं काम करतं, त्याच्यापुढे टाकत राहिलं की असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, मग परत टाका, परत फुगतं, असं चक्र लागतं. त्या दादांना तिसरं ऑपरेशन नाही, बाटली बंद करणं पाहिजे होतं. पहिले पंधरा दिवस त्यांना झोप नव्हती, चिडून दोनदा भांडायला आले, सरांनी स्प्रे चालू करून दिला होता, महिना-दीड महिन्याने मोकळे झाले. दुसरं ऑपरेशन त्यांनी उगाचच करून घेतलं होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आणि टर्बिनेट फुगतात तर कापूनच टाका ना, असं पण लोक म्हणतात, काही ठिकाणी करतातही. थोडं आकसवणं वेगळं आणि कापून काढणं वेगळं. ही पट्टी आत जाणारी हवा ओली आणि कोमट करते, तिच्यात श्वासाची जाणीव असते. पहिल्यांदा थोडी, दुसऱ्यांदा अजून थोडी असं करत ती जास्त कापली गेली तर नाक आतून गुहेसारखं मोकळं होतं आणि तरी पेशंट म्हणतो मला श्वास येत नाही, गुदमरतंय. खपल्या धरतात, वास मारतो, झोप जाते, माणूस निराश होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या कोरड्या नाकाचे काय हाल होतात ते मी बघितलेत. कापलेली पट्टी परत लावता येत नाही. म्हणून ज्याचं टर्बिनेट एकदा कमी केलंय त्याने दुसऱ्यांदा त्याला हात लावू द्यायच्या आधी दोन ठिकाणी विचारावं.

नाकात मांस वाढतं म्हणतात, म्हणजे पॉलिप, त्याचं थोडं वेगळं आहे, ते खरंच परत येतं, दम्याच्या पेशंटला जास्त. तिथे दुसरं ऑपरेशन लागूही शकतं, पण दमा आटोक्यात नाही, स्प्रे बंद केलाय आणि नुसतं परत काढून टाका म्हटलं तर ते तिसऱ्यांदा येणारच.

आता भावाच्या पोरीचं सांगते, कारण पत्र तिच्यामुळे लिहितेय. कॉलेजला जाताना पारोळा-अमळनेर रोडवर स्कूटीवरून पडली, नाक फुटलं आणि वाकडं झालं, श्वासही एका बाजूने बंद. नातेवाईक सुरतला म्हणून तिकडे ऑपरेशन केलं, आतला पडदा आणि बाहेरचा आकार दोन्ही. दिवाळीच्या आधीची गोष्ट. नंतर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमलो, म्हणजे साधारण सातवा महिना, तेव्हा बघायला आलेल्या पाहुण्यांमधल्या एक बाई बोलून गेल्या की मुलगी छान आहे, नाकाचं काही झालंय का. झालं. वहिनीची झोप उडाली, भाऊ म्हणे परत करू, सुट्टीतच उरकू. मी तिला आमच्या जुन्या सरांकडे नेलं.

सर म्हणाले सातव्या महिन्यात मी या नाकाबद्दल काही बोलणारच नाही. बाहेरून आपल्याला सूज दिसत नाही पण आत असते. नाकाच्या ऑपरेशनची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, सगळ्यात शेवटी शेंड्याची उतरते, आणि आपल्या लोकांची कातडी बऱ्याचदा जाड असते, तिथे दीड-दोन वर्षंही जातात. सुजलेल्या नाकाला माप लावून कापाकापी करायची म्हणजे ओल्या कापडाचा ब्लाऊज बेतण्यासारखं आहे, वाळल्यावर बसणारच नाही. म्हणून बारा महिन्यांच्या आत आकारासाठी दुसरं ऑपरेशन करू नये हा साधारण सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे, आणि पहिल्या भेटीत विचारलंच नाही की पहिलं कधी झालं, सरळ तारीख देऊन टाकली, तर तिथून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तेराव्या महिन्यात परत गेलो. तोपर्यंत शेंडा बसला होता, बाजूने नाक सरळ, समोरून हसताना जरासा कल दिसायचा, तोही सांगितल्यावर. सरांनी थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरली, दोन्ही बाजूंनी सारखी वाफ आली, म्हणजे श्वास चांगला. मग त्यांनी सुरतचं डिस्चार्ज कार्ड मागितलं, त्यात ऑपरेशनची नोट होती, पडद्याचं मऊ हाड बरंचसं काढून वरच्या भागाला आधार म्हणून वापरलेलं. ते बघून ते भावाला म्हणाले, मिळण्यासारखं सुताएवढं आहे आणि जाण्यासारखं खूप आहे, मी हे करणार नाही आणि तुम्ही दुसरीकडेही करू नका.

भावाला राग आला, पैसे द्यायला तयार आहे तरी नाही म्हणतात. गाडीत मी त्याला समजावलं ते असं. पहिल्या वेळी जे सामान लागतं ते पडद्यातूनच मिळतं, पण सगळा पडदा काढता येत नाही, वर आणि पुढे मिळून एल आकाराची साधारण एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी ठेवावीच लागते, तिच्यावर नाक उभं असतं. ती कमी झाली की नाकाचा मधला भाग खोगिरासारखा बसतो. दुसऱ्या वेळी पडद्यात सामान उरलेलं नसतं, मग कानाचं मऊ हाड काढायचं, ते पुरलं नाही तर छातीच्या फासळीचं. म्हणजे पोरीच्या छातीवर एक वण, आठवडाभर खोकताना कळ, फासळीचं हाड नंतर वाकायची शक्यता, क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला भोकही पडतं. आणि पडद्याचे दोन्ही बाजूचे पापुद्रे एकदा सोलून परत चिकटलेले असतात, दुसऱ्यांदा सोलताना फाटतात, आरपार भोक राहिलं तर श्वास घेताना शिट्टी वाजते, खपल्या आणि रक्त येत राहतं. वहिनीला हे पुरणाच्या मांड्यावरून कळलं. मांडा हातावर ताणताना फाटला तर ठिगळ लावून खापरावर टाकता येतो, पण तोच मांडा परत हातावर घेऊन आधीपेक्षा मोठा ताणायला जाल तर तो ठिगळाच्या बाजूनेच जाणार. ऑपरेशन झालेल्या नाकाची कातडी आणि आतला पापुद्रा तसाच असतो.

त्यात कातडीचा रक्तपुरवठा ही सगळ्यात मोठी गोष्ट. प्रत्येक ऑपरेशनमध्ये बारीक रक्तवाहिन्या कमी होतात. आपल्या पुण्याची गोष्ट आमचे सर नवीन सिस्टरांना नेहमी सांगायचे, १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक तिथल्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून परत बनवलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याचं चित्रासकट वर्णन छापून आलं, तेव्हा कुठे युरोपला ही पद्धत कळली. त्या कारागिरानेही कपाळाची कातडी पूर्ण तोडली नव्हती, भुवयांच्या मधे देठ जोडलेला ठेवला होता, कारण रक्त तिथून येतं हे त्याला माहीत होतं. आणि आज आपल्याकडे पेशंट तोंडात तंबाखूची गोळी ठेवून दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्यायला येतो. बिडी, सिगरेट, गुटखा, तंबाखू, बायकांची मिश्री, सगळ्यात निकोटिन आहे आणि निकोटिनने या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आधीच कमी झालेल्या. शेंड्याची कातडी काळी पडून गळलेली मी एकदा ड्रेसिंगला बघितली आहे, परत बघायची इच्छा नाही. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस हे सोडणार नसाल तर दुसरं ऑपरेशन करू नये. शुगर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर तेही आधी डॉक्टरांना सांगावं. नाकात इंजेक्शनने फिलर भरून कल बुजवतात, त्याला लोक ऑपरेशन नाही म्हणून सोपं समजतात, पण तो रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरते, नजरही जाऊ शकते, आणि ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका अजून जास्त असतो.

एक विषय लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. काही पोरं येतात ज्यांचं नाक बघणाऱ्याला चांगलं दिसतं आणि त्यांना मात्र त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. एक इंजिनिअरिंगचा मुलगा दोन ऑपरेशनं करून तिसऱ्यासाठी आला होता, मोबाईलमध्ये स्वतःच्या नाकाचे शेकडो फोटो, प्रत्येकावर लाल रेघा मारलेल्या, कॉलेज सोडलेलं, लग्नकार्याला जात नाही, दिवसाचे तीन-चार तास आरशासमोर. आई बिचारी बाहेर बाकावर रडत बसलेली. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, हा मनाचा आजार आहे, वेड नाही, नाटक नाही. याच्यात ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी समाधान होत नाही, उलट त्रास वाढतो किंवा नाकावरून दुसऱ्या अवयवावर जातो. याला गुण येतो तो समुपदेशनाने आणि मानसोपचाराच्या गोळ्यांनी. सरांनी त्याला अर्धा तास दिला, ऑपरेशनला नाही म्हटलं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतः फोन करून पाठवलं. आईबापांनी अशा वेळी पैसे जमवून तिसरं ऑपरेशन करू नये, पोराला धरून त्या डॉक्टरांकडे न्यावं.

आणि सेल्फीवर तर विश्वासच ठेवू नका. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. माझ्या भाचीने पण मला असाच एक फोटो दाखवला होता, मी तिला अंगणात उभं करून पाच-सहा फुटांवरून फोटो काढला, दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि ती गप्प झाली.

याचा अर्थ दुसरं ऑपरेशन कधीच करू नये असा नाही, कृपा करून कोणी तसा घेऊ नका. पहिल्या ऑपरेशननंतर शंभरात पाच ते पंधरा जणांना परत काही करावं लागतं असं साधारण सांगितलं जातं. श्वास घेताना नाकपुडीची भिंतच आत ओढली जाऊन बंद होत असेल, पडदा खरोखर परत वाकून एकच बाजू कायम बंद असेल, नाक खोगिरासारखं बसलं असेल, तर वर्ष झाल्यावर अनुभवी हातांनी करून घ्यावं, त्यात घाबरायचं काही नाही. आणि काही गोष्टींना वर्ष काय, एक दिवसही थांबायचं नसतं. मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर दोन्ही नाकपुड्या आतून फुगून बंद झाल्या, ठणका, ताप, तर पडद्यात रक्त किंवा पू साचलेला असू शकतो, दोन-तीन दिवसांत मऊ हाड मरतं, त्याच दिवशी दाखवा. आपण पुढे वाकलं की नाकातून पाण्यासारखं पातळ थेंब थेंब गळत असेल, नजर अंधुक झाली, तर रात्र असली तरी निघा.

बाकी वेळी जाताना जुन्या ऑपरेशनची नोट घेऊन जा. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेलं पुरत नाही, काय काढलं, किती ठेवलं, कुठे लावलं हे नोटमध्ये असतं, ती मागायचा पेशंटला हक्क आहे. ऑपरेशनच्या आधीचे फोटोही न्या. आणि जो ऑपरेशन करणार त्याच्याशिवाय अजून एकाला दाखवा. मुंबई-पुण्यालाच जायला पाहिजे असं नाही, धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या ईएनटीच्या म्हणजे नाक-कान-घशाच्या ओपीडीत दाखवून हे ऑपरेशन खरंच लागेल का एवढं तरी कळतं.

भाचीला मी शेवटी विचारलं होतं की बाई तुला काय पाहिजे, कारण या सगळ्यात तिला कोणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, माले काहीच तरास नही शे, मी बीएड करी ऱ्हायनू ना, ते होऊ द्या." भावाला रविवारी फोनवर मी तिचं हेच वाक्य परत ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला बरं, ठीक आहे.

साहेब, आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या ईएनटी सर्जनकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावं अशी विनंती आहे, आणि वैद्यकीय पॅम्प्लेट पेपरमध्ये टाकायला येतात तेव्हा त्यावर डॉक्टरचं नाव, डिग्री आणि मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का एवढं तरी एजंटने बघून घ्यावं, या पॅम्प्लेटवर तो नव्हता. पॅम्प्लेट सोबत जोडलंय, दवाखान्याचं नाव मी पेनाने खोडलंय, छापताना ते येऊ नये म्हणून.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ओटी सिस्टर, अमळनेर

ता. क. – वर ड्रॉप्स बंद करा लिहिलंय ते नाक मोकळं करायच्या औषधाचं. लहान बाळांना डॉक्टर मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स देतात ते वेगळे, ते चालू ठेवा. आणि मोठ्यांसाठीच्या ड्रॉप्सची ती छोटी बाटली बाळाला स्वतःच्या मनाने कधीच टाकू नका.